बाबा मार्ता

होमस्टडीला, म्हणजे मूल दत्तक मिळायच्या आधीच्या घर-पाहणीला, आलेल्या बाईंनी आमच्या घरात सगळ्यात आधी उघडलं ते सिंकखालचं कपाट. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही घर आवरत होतो. पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, सोफ्याचे अभ्रे धुतले. बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साबण-ब्लीचच्या बाटल्या पोराच्या हाताला लागतील का, औषधांना कुलूप आहे का, धुराचा अलार्म वाजतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी अलार्म वाजवून दाखवला. तो बंद होईना. त्या केकाटण्यातच त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "लहानपणी तुम्हाला घरात कोणी मारायचं का?"

मी म्हटलं, मारायचे. "मग तुम्ही काय करणार?" याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं नव्हतं. काहीतरी बोललो. बायकोची मुलाखत वेगळी झाली, दार लावून. त्यात काय विचारलं ते तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

हे २०१६ सालचं. आम्ही अमेरिकेत राहतो, दोघंही इथले नागरिक. मूल दत्तक घ्यायचं हे ठरतं घरात, जेवणाच्या टेबलावर. पण एकदा ठरलं की ते सरकारदरबारी जातं आणि मग तुमच्या हातात फारसं राहत नाही. परदेशातून मूल आणायचं तर आधी होमस्टडी, निदान दहा तासांचं प्रशिक्षण, आणि मग इमिग्रेशन खात्याकडे आय-८००ए नावाचा अर्ज. आमच्या वेळी त्याची फी ७७५ डॉलर होती, बोटांच्या ठशांचे माणशी ८५ वेगळे. गंमत म्हणजे या अर्जात मूल कुठेच नसतं. तुम्ही आईबाप व्हायला लायक आहात की नाही एवढंच ठरतं, आणि तेही एका ठरावीक देशापुरतं. देशाचं नाव अर्जातच लिहावं लागतं.

आम्ही लिहिलं बल्गेरिया.

"भारत का नाही?" हा प्रश्न आम्हाला इतक्या लोकांनी विचारलाय की एखादं भारदस्त कारण आधीच तयार ठेवायला हवं होतं. खरं कारण साधं आहे. ज्या एजन्सीवर आमचा विश्वास बसला तिच्याकडे भारताचं काम नव्हतं, बल्गेरियाचं होतं. २००४ साली अमेरिकेत बाहेरून जवळपास २३ हजार मुलं दत्तक आली होती. आम्ही या भानगडीत पडलो तोवर एकेक देश दारं लावून घेत होता आणि वर्षाचा आकडा पाच-सहा हजारांवर आला होता. जे दार उघडं दिसलं तिथे आम्ही उभे राहिलो. एक नातेवाईक म्हणाले, "चला, निदान गोरं तरी मिळेल." त्यांच्याशी मी वर्षभर बोललो नाही. पुढे फोटो आला तेव्हा पोरगं माझ्यापेक्षा एक छटा सावळंच निघालं, याचा मला जो आनंद झाला तो काही फार उदात्त नव्हता.

मग कागद. पोलिसांचा, डॉक्टरांचा, नोकरीचा, घराचा, लग्नाचा. प्रत्येकावर नोटरी आणि नोटरीच्या सहीवर अपॉस्टिल. अपॉस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा धरावा म्हणून लावायचं प्रमाणपत्र, १९६१ च्या हेग कराराने आलेलं. दत्तकाचा करारही हेगचाच, पण २९ मे १९९३ चा. मी दोन्हींत गोंधळ घालायचो आणि एजन्सीतल्या बाई दर वेळी न चिडता दुरुस्त करायच्या. हा १९९३ चा करार मी एका रात्री बसून वाचला. मुलाला आधी त्याच्याच देशात घर मिळतं का ते बघायचं, परदेशाचा विचार त्यानंतर, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. योग्यच आहे. पण याचा अर्थ असाही होतो, की आमच्यापर्यंत जे मूल पोचणार त्याला तिथल्या कोणीतरी आधी नको म्हटलेलं असणार, किंवा त्याच्याबद्दल कोणी विचारलेलंच नसणार.

आमच्या कागदांत सगळ्यात जास्त छळलं ते नावांनी. लग्नाआधी बायकोचं मधलं नाव तिच्या वडिलांचं, नंतरचं माझं, माझं मधलं माझ्या वडिलांचं. एका कारकुनाने मला शांतपणे विचारलं, "तुमच्या बायकोचं मिडल नेम तुमचं फर्स्ट नेम का आहे?" मी समजावायला गेलो. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि 'ही आणि ती एकच व्यक्ती' अशी तीन शपथपत्रं करायला लावली.

धडधाकट, लहान मुलासाठी थांबलो तर कित्येक वर्षं जातील असं एजन्सीने सांगितलं होतं. म्हणून आम्ही ज्यांना काही वैद्यकीय अडचण आहे किंवा जी वयाने थोडी मोठी आहेत अशा मुलांच्या यादीकडे वळलो. तिथे तो होता. साडेचार वर्षांचा. दिवस भरायच्या महिनाभर आधी जन्मलेला, 'वयाच्या मानाने बोलणं फार कमी' असा शेरा. जन्मदात्या आईबद्दल चार ओळी होत्या. त्या इथे लिहिणार नाही, त्या त्याच्या आहेत. त्याचं नाव आणि तो ज्या गावात होता त्या गावाचं नावही लिहिणार नाही, त्याच कारणाने. सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ होता. त्यात तो एकावर एक ठोकळे रचतो आणि कॅमेऱ्याकडे एकदाही बघत नाही. तो आम्ही किती वेळा पाहिला याला गणती नाही.

बल्गेरियाला दोन खेपा कराव्या लागतात. पहिल्या खेपेत निदान पाच दिवस मुलासोबत घालवायचे आणि मग त्याला तिथेच ठेवून परत यायचं. हे काय असतं ते नियम वाचताना कळत नाही.

मार्च २०१८. बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात उतरलो तेव्हा समोरचा व्हितोशा डोंगर पांढराशुभ्र होता. तिथून गाडीने तीन तास. दुभाषी म्हणून आलेल्या तरुण मुलीच्या कोटावर लाल-पांढऱ्या दोऱ्याचे गोंडे होते; पेट्रोल पंपावरच्या माणसाच्या मनगटावरही तसाच दोरा. तिने पर्समधून दोन काढून आमच्या हातांना बांधले. म्हणाली, ही मार्तेनित्सा. १ मार्चला बांधायची आणि करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत काढायची नाही. बाबा मार्ता खूश राहते. बाबा मार्ता म्हणजे मार्च आजी, लहरी म्हातारी आहे, चिडली की बर्फ पाडते.

"बाबा म्हणजे आजी?" मी विचारलं.

"हो. बाबा म्हणजे आजी."

मागच्या सीटवर बायको जी हसायला लागली ती थांबेना. मुलाला द्यायला आम्ही फोटोंचा अल्बम आणला होता. प्रत्येक फोटोखाली बल्गेरियन शब्द लिहा, आईला 'मामा' आणि वडिलांना 'ताती', असं एजन्सीने बजावलं होतं. मामा आईला म्हणायचं हेच मला जड गेलं होतं. पण निदान मी तरी बाबाच असणार, या हट्टाने मी सिरिलिक, म्हणजे तिकडच्या लिपीची, अक्षरं शिकून माझ्या फोटोखाली, माझ्या मिशांखाली, ठळक 'बाबा' लिहून आणलं होतं.

तो राहायचा ते घर लहान होतं, दहा-बारा मुलांचं. पूर्वी मोठाल्या संस्था असायच्या, २०१० नंतर सरकारी धोरणच बदललं आणि त्या बंद करून अशी घरं काढली. दारात मुलांच्या सपातांची रांग होती, छोट्या-मोठ्या. आत सूपचा वास. तो एका पन्नाशीच्या बाईंचा एप्रन धरून आला. या बाईंना सगळी मुलं 'लेल्या' म्हणतात, म्हणजे मावशी. लेल्याने त्याला मांडीवर घेतलं, अल्बम उघडला आणि वाचायला लागली. घर. कुत्रा. मामा. मग माझ्या फोटोपाशी आली, थबकली, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं आणि हसू दाबत वाचलं, "बाबा."

फाइलमध्ये कमी बोलतो म्हणून लिहिलेला मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "बाबा मार्ता?"

त्यानंतर पाच दिवस मी बाबा मार्ता होतो. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, कोपऱ्यात मानसशास्त्रज्ञ बाई वहीत काहीतरी टिपत बसलेल्या. तुम्ही मुलाशी खेळताय आणि कोणीतरी ते लिहून घेतंय, यात खेळता येत नाही हे मी सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर चेंडू धरून विचारलं, हवा? त्याने मान आडवी हलवली. नको तर नको, जबरदस्ती करायची नाही असं प्रशिक्षणात शिकवलेलं. मी चेंडू पिशवीत ठेवला. त्याचा चेहरा पडला. मी परत काढला, परत विचारलं. तो जोरजोरात आडवी मान हलवायला लागला, डोळ्यांत पाणी. मी पुन्हा ठेवला. तिसऱ्या वेळी त्याने रडत माझ्या हातातली पिशवीच ओढली. दुभाषी फोनवर होती, ती धावत आली. बल्गेरियात आडवी मान म्हणजे हो आणि उभी मान म्हणजे नाही. तिने हे आम्हाला गाडीत सांगितलंही होतं. पण ऐकणं वेगळं आणि रडत्या मुलासमोर आठवणं वेगळं. त्यात आमची मान तिसऱ्याच तऱ्हेने डोलते. त्यावरून हो की नाही, हे बिचाऱ्या लेल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी ८ मार्च होता. महिला दिन, पण तिकडे तो आईचाही दिवस. मुलांनी कार्डं केली होती, कागदाची फुलं चिकटवून. आम्ही आत गेलो तेव्हा तो कार्ड पाठीमागे लपवून उभा होता. बायको त्याच्या उंचीला येऊन गुडघ्यांवर बसली. तो तिच्या शेजारून गेला आणि कार्ड लेल्याला दिलं.

लेल्या गडबडली. तिने त्याला खुणेने बायकोकडे वळवायचा प्रयत्न केला. बायको पटकन म्हणाली, "नको, नको, राहू दे," चक्क मराठीत, आणि लेल्याला ते बरोबर कळलं. त्या रात्री हॉटेलात ती बराच वेळ खिडकीपाशी बसली होती. मला वाटलं रडत असेल. ती म्हणाली, "त्याला आई आहे रे. आपण तिच्याकडून घेऊन जाणार आहोत." इतके दिवस आम्ही स्वतःला काहीतरी देणारे समजत होतो. माझ्या डोक्यात तर विमानतळावर फुगे घेऊन उभे असलेले मित्रही ठरले होते. ते फुगे मी तिथेच रद्द केले.

पाचव्या दिवशी खेळायची वेळ संपल्यावर नोटरीकडे सह्या. तिथे एक गोष्ट घडली जी मला अजून आवडते. मुलाचं पुढचं नाव काय ठेवणार, त्याचे तीन रकाने होते: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी दोनदा वाचलं. बल्गेरियन माणसाचं नाव आपल्यासारखंच चालतं, मध्ये बापाचं नाव, फक्त त्याला 'ओव्ह' किंवा 'एव्ह' असं शेपूट लावतात. मी सवयीने खुलासा करायला लागलो, की आमच्यात मधलं नाव वडिलांचं असतं वगैरे. नोटरीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. दुभाषीने भाषांतर केलं: "त्या विचारतायत, मग दुसरं कुणाचं असणार?"

निरोपाला तो रडला नाही. आम्ही रडायची तयारी करून गेलो होतो. त्याने "चाओ" म्हणून हात हलवला आणि सूप प्यायला आत गेला. त्याने आजवर कितीतरी माणसं येताना आणि जाताना बघितली होती. आम्ही त्यांतले आणखी दोन.

पुढचे सहा महिने कागदांचे. आय-८००, म्हणजे या वेळी त्याच्या नावाचा अर्ज, अमेरिकन वकिलातीचं दत्तक-कराराच्या कलम ५ चं पत्र, बल्गेरियाच्या न्यायमंत्र्यांची संमती, मग सोफिया शहर न्यायालय. तिथे आईबापांनी हजर राहायची गरज नसते. निकालाचा मेल आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो होतो आणि कोणीतरी प्रिंटरच्या शाईच्या खर्चाबद्दल बोलत होतं. कायद्याने बाप झालो तो असा. मार्तेनित्सा तोवर माझ्या हातावरच होती. आमच्याकडे एप्रिलमध्ये झाडं फुलली, पण मी काढली नाही.

सप्टेंबरात गेलो तेव्हा त्याला घेऊन यायचं होतं. कपडे आम्ही न्यायचे, तिथले तिथेच ठेवायचे, कारण ते पुढच्या मुलाला लागतात. आम्ही नवे कपडे घातले, नवे बूट घातले. तो दारापर्यंत आला आणि सपातांच्या रांगेपाशी अडला. त्याच्या सपाता निळ्या होत्या, अंगठ्याशी भोक पडलेल्या. त्या त्याने छातीशी धरल्या. लेल्याने इकडेतिकडे बघितलं आणि आमच्या पिशवीची चेन स्वतःच उघडून दिली. मग ती आत निघून गेली आणि आम्ही गाडीत बसेपर्यंत बाहेर आली नाही.

सोफियात आठवडाभर काम होतं: नवा जन्मदाखला, पासपोर्ट, न्याय मंत्रालयाकडून त्याच कराराच्या कलम २३ चं, म्हणजे दत्तक कराराप्रमाणे झाल्याचं, प्रमाणपत्र, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी, मग व्हिसा. ट्राममध्ये एका बाईने आम्हा तिघांकडे बघून पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. ती आम्हाला रोमा समजली असणार, असं दुभाषी मान खाली घालून म्हणाली. रोमा लोक शेकडो वर्षांपूर्वी भारतातूनच तिकडे गेलेले. पोराला काय काय बरोबर बांधून दिलं जातं, याची कुठल्याच फाइलमध्ये नोंद नसते.

पहिले दोन दिवस तो इतका शहाण्यासारखा वागला की मी घरी फोन करून कौतुक सांगितलं. ताटात वाढलेलं सगळं खायचा, सांगितलं की झोपायचा. फक्त रात्री सपाता हॉटेलच्या दाराशी नेऊन ठेवायचा, टाचा आमच्याकडे, टोकं बाहेरच्या दिशेला. मला वाटलं, किती व्यवस्थित मुलगा! तिसऱ्या रात्री तो उठला, सपाता घातल्या आणि दाराची कडी हलवायला लागला. मी उचलायला गेलो तर चावला. "लेल्या" एवढा एकच शब्द, दोन तास. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा आल्या. त्या दहा तासांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, गप्प करू नका, लाच देऊ नका, जवळ बसा. ते ऐकताना मी वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत बसलो होतो. आता जमिनीवर दाराला पाठ लावून बसलो. मला म्हणायला दुसरं काही सुचेना म्हणून मीही "लेल्या" म्हणत राहिलो. हो रे, लेल्या. पहाटे कधीतरी तो माझ्या पोटरीवर डोकं टाकून झोपला, सपाता पायातच.

अमेरिकेत उतरलो तेव्हा विमानतळावर सोबत वकिलातीचं सीलबंद पाकीट होतं. ते आपण उघडायचं नसतं. अधिकाऱ्याने उघडलं, शिक्का मारला आणि त्या क्षणी पोरगा अमेरिकन नागरिक झाला. अशा मुलांसाठी २००० साली कायदाच झालाय. मला त्याच शिक्क्यासाठी चौदा वर्षं लागली होती. तो त्या वेळी काउंटरखाली बसून बुटाची लेस चघळत होता.

घरी आल्यावरचं लिहायला बसलो तर संपणार नाही. बोलायला त्याला वेळ लागला, मग लागला तो अजून थांबलेला नाही. पहिल्या महिन्यात माझी आई व्हिडिओ कॉलवर आली तेव्हा तिचे पांढरे केस बघून तो आनंदाने ओरडला, "बाबा!" आई म्हणाली, "अरे, मी आजी. बाबा तो." त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि काहीही बदलायला नकार दिला. तेव्हापासून घरात दोन बाबा आहेत आणि कुणाला हाक मारली ते आवाजावरून ओळखायचं.

घरी आणल्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, असे चार अहवाल बल्गेरियाला पाठवावे लागतात. सिंकखालचं कपाट उघडणाऱ्या त्याच बाई येतात, उंची-वजन लिहितात, शाळेचं विचारतात, फोटो घेतात. अहवालाचं बल्गेरियन भाषांतर होतं. चौथा पाठवला आणि चार दिवसांनी भाषांतरकाराची मेल आली: "पान दोनवर मूल वडिलांना 'बाबा' म्हणतं असं लिहिलंय. बल्गेरियनमध्ये याचा अर्थ आजी होतो. चूक दिसते. 'ताती' करू का?"

तो शेजारीच बसून लेगो जोडत होता. मी त्याला मेल वाचून दाखवली आणि विचारलं, "बाबा तसंच ठेवू का रे?"

त्याने मान आडवी हलवली. आता ती मान इथली की तिथली, हे मला त्या वेळी कळलं नाही. मी लिहून टाकलं, बदलू नका.